मदत हवी आहे : काकांची घोडी आणि तिचा कुत्रा, दोघांना एकत्र घर हवंय (बेळगाव)

नमस्कार मंडळी,

मी वडगावचा, बेळगाव. आमचे काका टांगेवाले. रिक्षा वाढल्या तशी स्टेशनवरची भाडी सुटली, मग काही वर्षं वरातीची कामं केली, पुढं गुडघे धरले आणि तेही थांबलं. यंदा श्रावणात काका गेले. मागं राहिली चंद्री, त्यांची घोडी, आणि तिच्या पायाशी झोपणारा काळ्या.

चंद्री तांबडी आहे, कपाळावर पांढरा चांद. डॉक्टरांनी दात बघून अठरा-एकोणीस वर्षांची असेल म्हणून सांगितलं. पुढच्या डाव्या खुराला उभी चीर आहे, त्यामुळं गाडीला जोडता येणार नाही. चालते मात्र नीट. स्वभावानं इतकी गरीब की शेजारची पोरं पोटाखालनं पळत गेली तरी पाय उचलत नाही. काळ्या गावठी, सहाएक वर्षांचा. नसबंदी झालेली आहे, रेबीजची लसही यंदा दिलीय. काका गेल्यावर दोन दिवस चंद्रीनं तोंड खाली घातलं नाही. तिसऱ्या दिवशी मी काकांचा जुना टॉवेल खांद्यावर टाकून चंदी (घोड्याचा खुराक) घेऊन गेलो, तेव्हा हुंगून हुंगून खाल्लं. काळ्या तेवढा वेळ घमेल्याजवळच बसून होता.

अडचण अशी की काकू आता मुलीकडं हुबळीला निघाल्यात. तबेल्याची जागा भाड्याची, दिवाळीपर्यंत रिकामी करून द्यायचीय. माझं घर दोन खोल्यांचं आणि सकाळी सातपासून मी विणकामाला मागावर.

विकत मागणारे बरेच आले. रायबागकडचे दोघं घोडागाडीच्या शर्यतीसाठी विचारून गेले. मागच्या आठवड्यात एक दलाल आला. "कामाला चालणार नाही" म्हणून मी दोनदा सांगितलं, तरी त्यानं खूर उचलून बघितला नाही आणि भावही कमी केला नाही. तेव्हाच माझ्या पोटात गोळा आला. काम न करणाऱ्या घोडीला तोच भाव कशासाठी? एका पाहुण्यांनी माळावर सोडून द्यायला सांगितलं. एका संस्थेला फोन केला, ते न्यायला तयार होते, पण "एकदा नेली की बघायला यायचं नाही" म्हणाले. मला ते पटलं नाही.

मला पैसे नकोत. फुकट देतो, वर दोन महिन्यांचा कडबाही देतो. पण आज फुकट घेणारा उद्या पुढं विकणार नाही, हे कसं बांधून घ्यायचं? दोघांना एकत्र ठेवणारं कोणी आहे का? आणि कोल्हापूर-सांगलीकडं न्यायची झाली तर हद्द ओलांडायला कागद कुठले लागतात?

आपल्याच जिल्ह्यातल्या अंकलीहून शितोळे सरकारांचे अश्व दरवर्षी माउलींच्या सोहळ्यासाठी आळंदीला चालत जातात. वाटेवर बायामाणसं त्यांच्या पाया पडतात, मी बघितलंय. घोड्याची माया असलेली माणसं आपल्याकडं आहेत, म्हणूनच इथं विचारतोय.

कृष्णाकाठचा : दादा, माळावर अजिबात सोडू नका. उपाशी-तहानेलं मरेल असं जनावर टाकून देणं 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात गुन्हा आहे. सांगली-सोलापूर भागात 'अ‍ॅनिमल राहत' संस्था बैल, घोडे, गाढवांसाठी काम करते, तिथं विचारा. संस्था कुठलीही असो, आधी स्वतः जाऊन या. तिथल्या म्हाताऱ्या जनावरांचे खूर बघा, पाण्याच्या हौदात हात घालून बघा. बघायला येऊ नका म्हणणाऱ्यांना तुम्ही नाही म्हणालात, ते बरोबरच केलंत.

निपाणीचा पशुवैद्य (निवृत्त) : न्यायच्या आधी तिच्या रक्ताची ग्लँडर्ससाठी तपासणी करून घ्या. हा रोग घोड्यांतून माणसालाही होतो, आणि नव्या जागी दुसरे घोडे असतील तर त्यांचाही प्रश्न आहे. नमुना सरकारी दवाखान्यामार्फत जातो आणि निकालाला वेळ लागतो, म्हणून दिवाळीची वाट बघू नका. धनुर्वाताची लस झाली नसेल तर द्या. ती प्रवासाला तंदुरुस्त असल्याचा दाखला पशुवैद्याकडून घ्यावा लागेल. आपल्याकडं दाखला कन्नडमध्ये मिळतो. पलीकडं नेणार असाल तर इंग्रजीतही लिहून मागा, नाहीतर नाक्यावर ताटकळत उभं राहावं लागतं.

आणखी एक. ती खाताना गवताचे अर्धवट चावलेले गोळे तोंडातनं खाली पडतात का? या वयात दाढांना धारदार कडा येतात, गालाला टोचतात. तसं असेल तर कानस मारून घ्यावी लागेल. तोवर अख्खा कडबा नको, बारीक कुट्टी भिजवून द्या. नव्या ठिकाणीही चारा एकदम बदलू देऊ नका, पोटशूळ उठतो, आणि घोड्याला ओकता येत नाही हे लक्षात ठेवा.

मालूताई, खानापूर : माझी बहीण इंग्लंडात असते. तिथं वर्ल्ड हॉर्स वेल्फेअर म्हणून 1927 पासूनची संस्था आहे. ती घोडा सांभाळायला देते, पण मालकी आयुष्यभर स्वतःकडंच ठेवते. त्यांची माणसं मधूनमधून येऊन बघून जातात, आणि सांभाळणाऱ्याला जमेनासं झालं तर घोडा परत संस्थेकडंच जातो. तुम्हीही तसंच करा की. दान देऊ नका, सांभाळायला द्या. स्टॅम्प पेपरवर लिहा : मालकी तुमची, विकायची नाही, कुणाला द्यायची नाही, शर्यतीला-वरातीला जोडायची नाही, तुम्ही कधीही येऊन बघाल, जमलं नाही तर तुम्हालाच कळवायचं. चारी बाजूंचे फोटो आणि खुराच्या चिरेचा फोटो सोबत लावा.

आमच्याकडं दोन एकर रान आहे आणि एक म्हातारा घोडा, चार वर्षं एकटाच. घोड्याला सोबत लागते, तो नुसता कुंपणापाशी उभा असतो. आमचा पाऊस मात्र तुम्हाला ठाऊकच आहे. चिरेत चिखल बसला तर खूर कुजेल, म्हणून गोठ्यात फरशी टाकल्याशिवाय मी हो म्हणणार नाही. पण बघायला या.

वडगावचा (मूळ प्रश्नकर्ता) : ताई, डॉक्टरसाहेब, दादा, तिघांचे आभार. गोळे पडतात! घमेल्याभोवती रोज सकाळी दिसायचे, मला वाटायचं नको असलेलं टाकते. आज कुट्टी भिजवून दिली, घमेलं चाटून रिकामं केलं. रक्ताच्या नमुन्यासाठी उद्या अर्ध्या दिवसाची रजा टाकलीय.

ताई, रविवारी आधी मी एकटाच येतो, रान आणि गोठा बघतो. फरशीचं काम मी आणि माझा मेहुणा मिळून करून देऊ, सामान आमचं. तपासणीचा निकाल आला की चंद्रीला आणू. काळ्याला त्याच टेम्पोत तिच्या पायाशी बसवतो, वेगळा आणला तर दोघंही ओरडतील. आणि कडबा लिहिला होता, पण आता कुट्टीच करून देतो.