‘भरोसा नाही का?’ असं नेहमी कोण कोणाला विचारतो?

मानेवाड्याची

कालची ती पोस्ट बहुतेकांनी वाचली असेल. ज्यांची सुटली त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते: नागपूरच्या इतवारी बाजारात पूर्वी लाखाचा व्यवहार जबानीवर व्हायचा, आता सख्खा भाऊ सख्ख्या भावाला लिहून मागतो, नागपूरच्या माणसाच्या मनात अविश्वास शिरला, आणि घराघरात तो आणला शिकलेल्या सुनांनी. खाली सगळ्यांनी हात जोडून ठेवलेत. माझ्याच्यानं ते वाचून गप्प बसवलं नाही.

‘काऊन, भरोसा नाही का?’ हे वाक्य कोण कोणाला म्हणतो, आठवून पहा. प्लॉट विकणारा घेणाऱ्याला म्हणतो. घरमालक भाडेकरूला म्हणतो. भाऊ बहिणीला म्हणतो. ज्याच्या हातात पैसा, किल्ली नाहीतर सातबारा आहे तोच दुसऱ्याला म्हणतो. उलट कधी ऐकलंय? बँक जामीनदार घेते, पानापानावर सही घेते. तिथं मॅनेजरला कोणी विचारत नाही, साहेब माझ्यावर भरोसा नाही का.

बाबा गेले, तेरवी झाली, आणि दादा हक्कसोडपत्र घेऊन आला. ओट्यावरचा पोळ्यांचा डबा बाजूला सरकवून त्यानं कागद पसरला. सही कुठं करायची तिथं पेन्सिलनं फुली मारूनच आणली होती. मी म्हटलं, आधी वाचते. तर आई म्हणाली, ‘भावावर भरोसा नाही का तुझा?’ दादानं तोंडी सांगितलं होतं की नाव चढवण्यापुरती सही पाहिजे, हिस्सा मागाहून देऊ. कागदावर होतं की मी राजीखुशीनं, कोणताही मोबदला न घेता माझा हक्क कायमचा सोडते. मी सही केली नाही. तेव्हापासून राखीचं बोलावणं बंद आहे.

मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतका हक्क १९९४ मध्ये महाराष्ट्रानं दिला, तोही तेव्हा लग्न न झालेल्यांनाच. २००५ मध्ये केंद्रानं सगळ्या मुलींना दिला. वडील २००५ मध्ये हयात होते की नव्हते, हा वाद सुप्रीम कोर्टानं २०२० मध्ये संपवला. एवढं सगळं कायद्यानं द्यायचं आणि भरोशाच्या नावाखाली ओट्यावर काढून घ्यायचं. वाचून सही करणाऱ्या बाईला अविश्वासू म्हणू नका.

इतवारी, तिसरी पिढी

ताई, पोस्ट माझी आहे. तुमच्या घरी जे झालं ते वाईट झालं, त्यात वाद नाही. पण एका भावावरून सगळ्या भावांना आरोपी करू नका.

मी जे लिहिलं ते पाहिलेलं आहे. आजोबांच्या गादीवर शेतकरी धान्याचे पैसे ठेवून जायचे. मोजून घेत नसत, पावती मागत नसत. पोरीचं लग्न निघालं की येऊन घेऊन जायचे. चुलतभावाला मी स्वतः अडचणीत पैसे दिले, कागद केला नाही. वर्षं गेली, त्यानं सगळे फेडले, वरून शेतातल्या तुरीच्या डाळीचं पोतं आणलं. स्टॅम्प पेपर मागितला असता तर पैसे आधी आले असते, भाऊ आला नसता.

नंदनवनचा भुक्तभोगी

काका, जबानीचं कौतुक मला सांगू नका. बाबांनी रिटायरमेंटचे पैसे एका गृहनिर्माण संस्थेच्या लेआउटमध्ये घातले. सचिव गाववाला, त्यामुळे विक्रीपत्र ‘करू नं निवांत’. हातात फक्त किस्तीच्या रसीदा. तोच प्लॉट त्यानं दुसऱ्याला रजिस्टर करून दिला. वकील म्हणाला, शंभर रुपयांच्या वरची जमीन रजिस्टर्ड विक्रीपत्राशिवाय विकली जातच नाही, तुमच्या रसीदा म्हणजे पैसे दिल्याचा पुरावा, मालकीचा नाही. बाबा शेवटपर्यंत रविवारी तिकडं चक्कर मारायचे, दुसऱ्याचं कंपाउंड पाहून परत यायचे.

म्हणून नागपुरात माणूस प्लॉट पाहायला गेला की नमस्काराच्या आधी ‘आरएल आहे का?’ विचारतो, म्हणजे सुधार प्रन्यासचं रिलीज लेटर. मौजा कोणता, खसरा नंबर काय, सर्च रिपोर्ट किती वर्षांचा. याला तुम्ही अविश्वास म्हणा. मी म्हणतो, बाबांनी विचारायला पाहिजे होतं.

काटोलचा संत्रेवाला

दोघंही बरोबर बोलून राहिले, पण तुमच्या कागदानं आमचं भागत नाही. आंबिया बहाराची संत्र्याची बाग उभी विकली. व्यापारी आला, झाडं फिरून पाहिली, इसार देल्ला, ‘पंधरा दिवसांत तोडा लावतो भाऊ’ म्हणून गेला. तिकडं कळमन्याच्या मार्केटात भाव पडले अन् याचा फोन बंद. इसार गेला त्याचा, बाग अडकली माही. फळ झाडावर राहिलं त डिसेंबरात पाणी तोडून झाडाले ताण कसा देऊ? ताण नाही त पुढचा बहार नाही. एका माणसाच्या जबानीपाई दोन हंगाम गेले.

पुढच्या साली मी म्हटलं, लिहून द्या, अमुक तारखेपर्यंत तोडा नाही लावला त बाग मोकळी. तो हसला अन् शेजारच्या बागेत गेला. ताई, लिहून मागाले बी ताकद लागते.

मानेवाड्याची

@काटोलचा संत्रेवाला, हेच तर म्हणते आहे. तुमच्याइतकं नीट मला मांडता आलं नाही.

@इतवारी, आजोबांच्या गादीवर वही होती ना? दिवाळीला तिची पूजा व्हायची ना? शेतकऱ्याचे पैसे त्या वहीत चढत होते. इतवारीत हुंडी, म्हणजे व्यापाऱ्यांची पैसे द्यायची चिठ्ठी, चालायची, ती सुद्धा लेखीच. म्हणजे तुमच्याकडं सगळं लिहिलेलं होतं, फक्त शेतकऱ्याच्या हातात काही नव्हतं. त्याला जबानी व्यवहार म्हणायचं?

इतवारी, तिसरी पिढी

वही कोणालाही उघडून दाखवत होतो. आमच्या गादीनं कोणाचा रुपया बुडवला असेल तर पुढं या. तीन पिढ्यांच्या इज्जतीवर बोलताना जरा सांभाळून.

निवृत्त इंग्रजीच्या मॅडम

वर अविश्वास हा एकच शब्द सगळ्याला लावला जातो आहे. इंग्रजी लिहिणारे बरेचजण डिस्ट्रस्ट आणि मिसट्रस्ट यांत फरक करतात: पहिला अनुभवातून, ठोस कारणानं आलेला, दुसरा नुसता मनातला संशय. नंदनवन आणि काटोल यांचा पहिला आहे. त्यांना संशयी म्हणणं अन्याय आहे. एवढंच.

वेगळा विदर्भ

कागदाचं इतकं कौतुक नको ताई. आपल्या अख्ख्या विदर्भाजवळ एक कागद आहे. २८ सप्टेंबर १९५३, नागपूर करार, विदर्भानं मराठी राज्यात सामील व्हायच्या अटींचा. तिकडून, पश्चिम महाराष्ट्रातून, भाऊसाहेब हिरे, यशवंतराव चव्हाण. इकडून रामराव देशमुख, गोपाळराव खेडकर. लोकसंख्येच्या प्रमाणात नोकऱ्या, निधी, तांत्रिक शिक्षणात जागा, सरकार दरवर्षी ठरावीक काळ अधिकृतपणे नागपुरात हलवायचं, विधिमंडळाचं किमान एक अधिवेशन इथं. १९५५ मध्ये राज्य पुनर्रचनेचा फाजल अली आयोग वेगळा विदर्भ द्या म्हणत होता, तरी आपण सह्यांवर भरोसा ठेवला. मिळालं काय? डिसेंबर आला की रामगिरी-देवगिरी या मुख्यमंत्री-उपमुख्यमंत्र्यांच्या बंगल्यांना रंग, सिव्हिल लाइन्सचे रस्ते गुळगुळीत, हुरडा, मोर्चे, अन् दोन आठवड्यांत फायली परत मुंबईला. सही असून फसलो आपण.

पुण्यातला नागपूरकर

धागा भरकटतो आहे, पण हे अर्धवट आहे म्हणून लिहितो. नागपूर करार हा नेत्यांमधला राजकीय समझोता होता, कायदा नव्हता. कायद्यात आलं ते १९५६ चं घटनेतलं कलम ३७१(२). त्यातून १९९४ मध्ये विकास मंडळं झाली. आणि सगळं तिकडच्यांनी खाल्लं म्हणताना वसंतराव नाईक आठवा. पुसदचे होते, १९६३ ते १९७५ सलग मुख्यमंत्री. त्याआधी कन्नमवार, चंद्रपूरचे. आपल्या लोकांना जाब कधी विचारणार?

वेगळा विदर्भ

१९५६ च्या कलमातली मंडळं यायला १९९४ उजाडलं, हे तुम्हीच लिहिलं, धन्यवाद. ३० एप्रिल २०२० ला त्यांची मुदत संपली, तेही लिहायचं होतं. दांडेकर समितीनं १९८४ मध्ये अनुशेष, म्हणजे विकासात मागं राहिलेला हिस्सा, मोजून दिला, त्यानंतरही मोजणंच सुरू राहिलं. २०२० आणि २०२१ चं हिवाळी अधिवेशनही मुंबईत झालं. पुण्यात बसून आम्हाला शिकवू नका. इथली पोरं नोकरीसाठी तुमच्याच शहरात कॉट बेसिसवर राहून राहिली.

पुण्यातला नागपूरकर

मी त्याच कॉटवर राहिलो आहे. माझं घर अजून नागपूरच्या महाल भागात आहे, आई तिथंच आहे. दरवेळी ‘तुम्ही तिकडचे’ म्हणायचं असेल तर बोलणंच नको. २०२० ला कोरोना होता, २०२१ ला मुख्यमंत्र्यांची शस्त्रक्रिया झाली होती. यात विदर्भाचा द्वेष कुठून आला?

वेगळा विदर्भ

दरवेळी कारण असतेच राजेहो. कारण नसताना कोणी कोणाला फसवत नाही. नंदनवनच्या सचिवाजवळबी असंल.

काटोलचा संत्रेवाला

अधिवेशन मुंबईत भरलं काय अन् नागपुरात बर्डीवर भरलं काय, माह्या बागेचा व्यापारी दोन्हीकडं फोन उचलत नाही. विदर्भ वेगळा झाला त तो व्यापारी काय पुण्याचा होईल? इथलाच हाये तो.

वेगळा विदर्भ

भाऊ, अनुशेषातलं सिंचन तुमच्याच बागेचं होतं. तुम्हीच असं बोलले त कठीण आहे.

मानेवाड्याची

कराराचा मुद्दा मला सोडायचा नाही, कारण तो माझ्याच बाजूनं जातो. करारात देणं काय आहे ते लिहिलं. दिलं नाही तर काय, ते लिहिलं नाही. काटोलच्या दादांनी व्यापाऱ्याकडं मागितलेलं वाक्य त्यात नाही: अमुक तारखेपर्यंत नाही तर बाग मोकळी. ज्याला द्यायचंय तो ‘काय ते प्रमाणात देऊ, भरोसा ठेवा’ म्हणतो, आणि ज्याला घ्यायचंय त्याच्या हातात तगाद्याशिवाय काही उरत नाही. ओट्यावर मला दिलेलं वचन असंच होतं.

@पुण्यातला, करार कायदा नव्हता हे तुमचं खरं आहे. म्हणूनच त्याच्यावर भिस्त ठेवायला नको होती.

प्रतापनगरला भाड्यानं

मधेच विचारतो. खोली सोडली, घरमालक काकू डिपॉझिट देत नाहीत. करारनामा नव्हता, ‘घरच्यासारखा राहा बाळा’ म्हणाल्या होत्या. आता म्हणतात रंगाचे कापले. माझ्याजवळ फक्त फोन-पेचा स्क्रीनशॉट आहे. काही होऊ शकतं का?

नंदनवनचा भुक्तभोगी

स्क्रीनशॉट पुसू नको, बँकेचं स्टेटमेंट काढून ठेव. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम ५५ वाच. भाडेकरार लेखी करून रजिस्टर करायची जबाबदारी घरमालकाची आहे. केला नसेल तर अटी-शर्तींबद्दल भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरतात, उलट सिद्ध होईपर्यंत. मालकाला दंड आणि कैदेचीही तरतूद आहे. आधी हे काकूंना साध्या भाषेत लिहून पाठव, भांडू नको.

इतवारी, तिसरी पिढी

हे कलम मला माहीत नव्हतं. वरच्या मजल्यावर दोन मुली राहतात, त्यांचा करार रजिस्टर करून घेईन. कायदा आहे म्हणून. माझं मत त्यानं बदलत नाही. भाडेकरू वेगळा, रक्ताचं माणूस वेगळं. चुलतभावाला मी उद्याही कागद मागणार नाही.

मानेवाड्याची

नका मागू. पैसे बुडाले तरी तुमचं दुकान चालतं, म्हणून तुम्हाला ते परवडतं. आणि उसने देऊन तीन वर्षं गेली, मधे त्यानं काही लिहून दिलं नाही की पैसे भरले नाहीत, तर कोर्टातली मुदत जाते, हेही माहीत असू द्या.

एक विचारते, राग मानू नका. आजोबांच्या दुकानावर आणि घरावर तुमच्या बहिणींची नावं आहेत का?

इतवारी, तिसरी पिढी

बहिणींनी स्वखुशीनं सह्या केल्या आहेत. दिवाळी, राखी, भाच्यांची लग्नं, कशात कमी केलं नाही.

मानेवाड्याची

सही आधी झाली की वाचणं आधी झालं?

इतवारी, तिसरी पिढी

हा आमच्या घरातला विषय आहे. इथं नको.

मानेवाड्याची

सुना पण घरातल्याच होत्या काका. त्यांना तुम्ही पोस्टमध्ये आणलं.