अनुभव धागा : विसावलेल्या मित्राचे मोठे मिश्र माध्यमातील व्यक्तिचित्र

पहुडलेल्या, डोळे मिटलेल्या मित्राचे अगर मैत्रिणीचे मोठे व्यक्तिचित्र ज्यांनी मिश्र माध्यमात केले आहे, त्यांनी आपली कामाची पद्धत येथे सविस्तर लिहावी. चित्रकार अमृता शेरगिल यांनी १९३३ साली बहीण इंदिरा हिला निद्रिस्त रंगवले ते तैलरंगात. येथे मात्र कोळसा, ॲक्रिलिक, पेस्टल आणि कापड एकाच चित्रात कसे नांदवले, हे जाणून घ्यायचे आहे.

राखाडी : २२ × ३० इंची चार कागद प्लायवूडवर जोडून मी ४४ × ६० इंचांचा पृष्ठभाग केला आणि एकही सांधा चेहऱ्यावरून जाणार नाही, अशी मांडणी आधीच ठरवली. बसलेला माणूस स्वतःला सावरून धरतो, तर कुशीवर झोपलेल्याचे सारे वजन खाली उतरते : गाल उशीवर दबतो, ओठांचा खालच्या बाजूचा कोपरा किंचित दुमडतो आणि वरचा खांदा पुढे कलंडतो. ते वजन दिसावे म्हणून मी डोक्याआधी उशीला पडलेला खळगा काढला. उशीसाठी जुन्या धोतराचा तुकडा ॲक्रिलिक मीडियममध्ये (रंग नसलेल्या, चिकट ॲक्रिलिक द्रवात) भिजवून चिकटवला व ओला असतानाच बोटांनी त्याच्या चुण्या पाडल्या. कोळशावर थेट पांढरा रंग चढवल्यास तो राखट होतो. त्यामुळे आधी फिक्सेटिव्हचा (भुकटी कागदावर धरून ठेवणाऱ्या द्रवाचा) फवारा, नंतर पातळ मॅट, म्हणजे चकाकी नसलेल्या मीडियमचा हात आणि मगच रंग, हा क्रम मी पाळला.

पायथा : मैत्रीण पलंगावर उताणी पडली होती आणि मी तिच्या पायांच्या बाजूला होते. जवळून काढलेल्या मोबाइलच्या छायाचित्रात तळवे अवाढव्य व डोके लिंबाएवढे येते. म्हणून मी मागे सरून, हात ताठ धरून पेन्सिलीने मापे घेतली आणि छायाचित्र फक्त चादरीच्या नक्षीपुरते वापरले. झोपेतले चित्र काढण्याची परवानगी ती जागी असतानाच घ्यावी, हे वेगळे सांगायला नको.

खडूवाला : ॲक्रिलिकवर तैलरंग चालतो, तैलरंगावर ॲक्रिलिक नाही. गुळगुळीत ॲक्रिलिकवर सॉफ्ट पेस्टलही टिकत नाही, म्हणून त्वचेच्या भागावर मी संगमरवराची बारीक पूड मिसळलेला जेसो (रंगाखाली द्यायचा अस्तराचा लेप) लावला.

राखाडी : @खडूवाला, एवढ्या मोठ्या चित्रावरील पेस्टल सांभाळता कसे?

खडूवाला : पेस्टलच्या रक्षणासाठी चित्रापुढे बसवायची या आकाराची काच फार जड होते आणि तिच्याऐवजी ॲक्रिलिकचा पत्रा बसवला, तर त्यावरील स्थिर विद्युतभार पेस्टलची भुकटी ओढून घेतो. त्यामुळे पेस्टल पापण्या, नाक आणि गाल एवढ्यापुरतेच ठेवून मी त्यावर फिक्सेटिव्हचे हलके थर दिले. त्याने छटा थोडी गडद होते, ती आधीच गृहीत धरून उजळ खडू निवडले.