फिटिंग घेताना कोणता होल्डर निवडावा, म्हणजे पुढेही बल्ब मिळत राहील?

उजेडवाला:
नमस्कार मंडळी. घरातले सगळे दिवे नव्याने घ्यायचे आहेत. फॉल्स सीलिंगमध्ये दहा-बारा डाउनलाइट, जेवणाच्या टेबलावर एक लोंबता दिवा आणि बाथरूमच्या आरशावर एक गोल काचेचा. बाजारात बहुतेक ठिकाणी ‘बल्ब बदलायचाच नाही, ५०,००० तास चालतो’ असेच दिवे दाखवतात. वीज वाचायला हवी, पण काही वर्षांनी एक दिवा गेला म्हणून छत उचकटायची वेळ येऊ नये. शिवाय ४ फुटी ट्यूबची दोन जुनी फिटिंग्ज आहेत. ती ठेवावीत का?

आटेपिन:
आधी होल्डर ठरवा, मग फिटिंगचं रूप. आट्यांचा ई२७ आणि पिनांचा बी२२ हे दोन होल्डर तारेच्या बल्बपासून सीएफएल आणि एलईडीपर्यंत तेच राहिले आहेत. त्यांचे बल्ब बंद होण्याची शक्यता सगळ्यात कमी. लोंबत्या दिव्याला यांपैकी जो तुमच्याकडे सहज मिळतो तो घ्या. बारीक आट्यांचा ई१४ चालेल, पण बल्ब लहान असल्याने आत ड्रायव्हरला (एलईडीला लागेल तशी वीज बदलून देणाऱ्या सर्किटला) जागा कमी पडते आणि जास्त उजेडाचे पर्याय थोडेच असतात.

छतात जीयू१०, म्हणजे दोन जाड पिना फिरवून बसवायचा होल्डर. तो घरच्या विजेवर थेट चालतो. एमआर१६ दिसायला तसाच, पण १२ व्होल्टचा, मध्ये ट्रान्सफॉर्मर लागतो. हॅलोजनसाठी बनवलेल्या इलेक्ट्रॉनिक ट्रान्सफॉर्मरला बहुधा २० वॉटच्या आसपास किमान भार हवा असतो. त्यावर एकच ५ वॉटचा एलईडी लावला की तो लुकलुकतो, नाहीतर पेटतच नाही.

जी९ आणि आर७एस हे बारीक हॅलोजन बल्बचे होल्डर टाळा. त्या फिटिंगच्या काचा बारीक हॅलोजनच्या मापाच्या असतात. एलईडी बल्ब जाड निघतो आणि झाकण बसत नाही.

आरशावरच्या बंद गोळ्यात ९ वॉटचा साधा बल्ब कोंडू नका. एलईडीची उष्णता उजेडासोबत पुढे न जाता मागच्या बुडातून बाहेर पडते, आणि बंद काचेत तिला वाट नसते. ५-६ वॉटचा, खोक्यावर बंद फिटिंगला चालेल असं लिहिलेला घ्या.

ड्रायव्हर_आधी:
बरंचसं पटलं, पण बल्ब न बदलणारा दिवा म्हणजे वाईटच असं नाही. अ‍ॅल्युमिनियमचं मोठं बूड असल्याने चिप (एलईडीचा उजेड देणारा भाग) थंड राहते आणि वॉटमागे १००-१२० लुमेन (उजेडाचं माप) मिळू शकतात. जीयू१० सहसा ७० ते ९० देतो. ओट्यावरच्या कपाटाखालची पट्टी होल्डरवाल्या बल्बने होतही नाही.

५०,००० तासांचं मात्र मनावर घेऊ नका. तो आकडा बहुधा एल७० असतो, म्हणजे तेवढ्या वापरानंतर मूळ उजेडाच्या ७०% उरतो, आणि तोही चिपचा हिशेब. रोज ५ तास धरले तर २७ वर्षं होतात. त्याआधीच ड्रायव्हरमधला इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर सुकतो. दर १० अंश तापमान वाढलं की त्याचं आयुष्य साधारण निम्मं होतं.

म्हणून ड्रायव्हर वेगळ्या डबीत आणि कनेक्टरने जोडलेला असेल तरच घ्या. डबीवर ‘३०० मिलिअँपिअर, २४-४२ व्होल्ट डीसी’ असं काहीतरी लिहिलेलं असतं. बसवण्याआधी त्याचा फोटो काढून ठेवा. पुढे दुसऱ्या कंपनीचाही ड्रायव्हर चालतो. मिलिअँपिअर तेवढेच हवेत आणि दिव्याचा व्होल्टेज दिलेल्या मर्यादेत बसायला हवा. लोक फक्त वॉट जुळवतात आणि फसतात. १२ वॉट म्हणजे ३०० मिलिअँपिअरला ४० व्होल्ट किंवा ६०० ला २० व्होल्ट. ६०० चा, २० व्होल्टचा ड्रायव्हर ४० व्होल्टच्या दिव्याला लावला तर तो पेटणार नाही. उलट व्होल्टेज पुरतोय पण मिलिअँपिअर जास्त आहेत, असं असेल तर चिप जळते.

आणखी एक: ड्रायव्हर चालू असताना दिव्याचा कनेक्टर जोडू नका. मोकळ्या टोकांवर व्होल्टेज चढलेला असतो, जोडताच चिप उडू शकते.

उजेडवाला:
धन्यवाद! छतात जीयू१० नक्की. भोक केवढं पाडायचं? आणि नंतर आणलेल्या बल्बचा रंग वेगळा दिसेल त्याचं काय?

आटेपिन:
छतात बल्ब धरणाऱ्या रिंगच्या खोक्यावर माप असतं, बहुतेक ७० ते ८० मिमी. दोन मापं समोर असतील तर लहान घ्या. भोक नंतर मोठं करता येतं, लहान नाही. वर मोकळी जागा १०० मिमी तरी ठेवा. बल्ब, होल्डर आणि वायरचं वळण सगळं तिथेच मावायचं आहे.

केल्विन हे उजेडाच्या रंगाचं माप. दोन कंपन्यांचे ३००० केल्विनचे बल्ब शेजारी ठेवले तर फरक कळतो. सगळे एकाच बॅचचे घ्या, दोन-तीन जादा. तेही संपले की पॅसेजमधला एक काढून हॉलमध्ये लावा, नवा पॅसेजमध्ये.

चोकबंद:
ट्यूबचं राहिलं. फ्लुरोसंट नळीच्या भरवशावर राहू नका. पाऱ्याविषयीच्या मिनामाता करारात ठरल्याप्रमाणे या नळ्यांचं उत्पादन आणि आयात-निर्यात २०२७ पर्यंत थांबवायची आहे. फिटिंग जाड नळीचं, जी१३ पिनांचं असेल तर ठेवा आणि नळी एलईडीची लावा.

तांब्याचा जड चोक असेल तर काम सोपं: स्टार्टर काढून नळीसोबत येणारा नकली स्टार्टर घाला. चोक मात्र थोडी वीज खातच राहतो. म्हणून एका टोकाने चालणारी नळी घेऊन चोक काढलेलाच बरा. एमसीबी पाडा, चोकच्या वायरी सोडवा. नळीवर खूण केलेल्या टोकाच्या एका पिनेला फेज, दुसरीला न्यूट्रल. पलीकडच्या पिना फक्त आधाराला. त्याआधी मल्टिमीटरने त्या टोकाच्या होल्डरचे दोन्ही संपर्क आतून जोडलेले नाहीत ना ते पाहा. जोडलेले असतील तर चालू करताच शॉर्टसर्किट, मग होल्डर बदलावा लागेल. शेवटी फिटिंगच्या आत ‘चोक काढला आहे, फ्लुरोसंट नळी लावू नये’ अशी चिठ्ठी डकवा.