नवीन फोर बाय फोरचं खरं ॲव्हरेज किती धरायचं?

राम राम मंडळी, मदत हवी आहे. नवीन डिझेल फोर बाय फोर (चारही चाकांना ताकद देता येते अशी गाडी) घेतलीय, ऑटोमॅटिक. जळगाव-धुळे हायवेला मीटर लिटरला १३ किमी दाखवतं, पण टाकी फुल टू फुल हिशोब केला की ११ सुद्धा जड जातं. तोरणमाळचा घाट चढला तर विचारूच नका. एसी बंद ठेवा असं सांगू नका, खान्देशातला मे महिना आहे!

फोर-लो (चारही चाकांना ताकद, लो गिअर) फक्त शेतातल्या काळ्या चिखलात, एरवी टू-हायच (दोनच चाकांना ताकद, नेहमीचा गिअर). टायर मात्र ऑल-टेरेन (रस्ता-चिखल दोन्हीला चालणारे), एक साइज मोठे टाकलेत; एका फेरीत जास्त अंतर कापतात. म्हणजे ओडोमीटर किलोमीटर कमीच मोजत असणार. मग खरं ॲव्हरेज थोडं जास्त धरायचं, की जड टायरनीच ते खाल्लं? हायवेला हवा किती ठेवता? आणि ८० च्या स्पीडला चालवून कोणाला खरोखर फरक पडलाय का?