डिशवॉशरचा महिन्याचा खर्च कसा काढावा?

नमस्कार. आम्ही ठाण्यात घोडबंदर रस्त्यावर राहतो आणि डिशवॉशर घेण्यापूर्वी त्याचा मासिक खर्च मांडून पाहत आहोत. बहुतांश वीज पाणी तापवण्यात जात असल्याने तेलकट कढयांसाठीचा ७० अंशांचा प्रोग्रॅम ५० अंशांच्या इको प्रोग्रॅमपेक्षा किती जास्त युनिट घेतो, हे कोणी मीटरवर पाहिले आहे का? महावितरणचा दर १०० आणि ३०० युनिटांनंतर चढत असल्यामुळे सरासरी न धरता शेवटच्या टप्प्याचा दर, वहन आकारासह (वीज घरापर्यंत वाहून आणण्याचा प्रति युनिट आकार), धरणे मला योग्य वाटते. विजेपेक्षा, जड पाणी मृदू करण्यासाठी डिशवॉशरमध्ये घालाव्या लागणाऱ्या मिठाची चिंता अधिक आहे, कारण उन्हाळ्यात सोसायटीत येणारे टँकरचे पाणी इतके जड असते की नळाच्या जाळीवर पांढरा थर बसतो. अशा पाण्यात मीठ, डिटर्जंट आणि रिन्स एड (भांडी डाग न पडता वाळावीत म्हणून शेवटच्या खळबळण्यात वापरायचे द्रव) महिन्याला किती लागते, हे वापरणाऱ्यांनी कृपया कळवावे.