पतसंस्थेच्या छोट्या सर्व्हर रूमला एसी किती टनाचा लावायचा, आणि गॅसवाली फायर सिस्टीम खरंच लागते का?

वाशिष्ठी_आयटी

नमस्कार मंडळी. मी चिपळूणला एका पतसंस्थेत आयटी बघते. २०२१ च्या जुलैच्या पुरानंतर संचालक मंडळाने ठरवलं की तळमजल्यावर काहीच ठेवायचं नाही, तेव्हापासून सर्व्हर वरच्या मजल्यावर एका केबिनमध्ये कसेबसे बसवलेत, आता कुठे स्वतंत्र खोली मिळतेय. खोली १० बाय १२, उंची साडेनऊ फूट, वर थेट गच्चीचा स्लॅब आणि पश्चिमेची भिंत दुपारनंतर तापते. एक रॅक, त्यात ३ सर्व्हर, एक नॅस (नेटवर्कवरून वापरायचा फाइल साठवणारा बॉक्स), स्विच, फायरवॉल, आणि ६ केव्हीएचा यूपीएस बॅटऱ्यांसकट त्याच खोलीत. यूपीएसच्या डिस्प्लेवर लोड २.४ किलोवॅटच्या आसपास दिसतो.

एका व्हेंडरने ५ टनाचा डक्टेबल एसी आणि एफएम-२०० या आग विझवणाऱ्या गॅसची पूर्ण सिस्टीम असं कोटेशन दिलं, आकडा बघून चेअरमन साहेबांनी फाईल बाजूलाच ठेवली. दुसरा म्हणतो घरगुती दीड टनाचा स्प्लिट लावा, दाराशी एबीसी पावडरचा लाल सिलिंडर टांगा, झालं काम. दोघांच्या मधलं खरं काय आहे? पावसाळ्यात इथे लाईट कितीदा जाते ते कोकणवाल्यांना सांगायला नको. सभासदांची ठेवीची, कर्जाची सगळी खाती या एका रॅकवर आहेत, म्हणून नीट समजून घ्यायचंय.

थंडगार_रत्नागिरी

ताई, एसीचं मी सांगतो, वीस वर्षं हेच काम करतोय.

यूपीएसमधून जेवढी वीज बाहेर पडते तेवढी सगळी शेवटी खोलीत उष्णता म्हणून येते. २.४ किलोवॅट, त्यात यूपीएसचा स्वतःचा लॉस धरा दोन-अडीचशे वॅट, म्हणजे २.६५. एक टन म्हणजे साडेतीन किलोवॅट, तर मशिनरीची उष्णता झाली पाऊण टन. मे महिन्यात स्लॅब आणि पश्चिमेची भिंत मिळून अजून अर्धा टन सहज घालतील. सव्वा टन झाला. आता दीड टनाचा एसी पुरेल असं वाटतं पण घरगुती एसीची सगळी ताकद हवा थंड करण्यात जात नाही, पाव ते तिसरा हिस्सा हवेतलं पाणी काढण्यात जातो, आणि कोकणात पाणी भरपूर. म्हणून २ टनाचे दोन स्प्लिट घ्या, एक चालू एक स्टँडबाय. आधी गच्चीवर इन्सुलेशन करून घेतलंत तर दीडचे दोनही पुरतील, आणि तो खर्च एकदाच होतो.

५ टन अजिबात नको. एवढ्या छोट्या खोलीत तो काही मिनिटांत सेट पॉइंटला पोचतो, कॉम्प्रेसर बंद पडतो, पंखा मात्र फिरत राहतो आणि कॉइलवरचं पाणी परत हवेत जातं. खोली थंड पण दमट, आषाढात हे सगळ्यात वाईट.

दोन्ही एसींना सिक्वेन्सर लावा, सहा-सहा तासांनी पाळी बदलेल आणि तापमान २८ च्या वर गेलं की दोन्ही चालू होतील. एसी घेताना ऑटो रिस्टार्ट आहे का ते दुकानात उभं राहून मेन स्विच बंद-चालू करून बघा, फक्त ब्रोशरवर विश्वास ठेवू नका. लाईट गेली, जनरेटरवर आली, पण एसी रिमोटची वाट बघत बंदच राहिला असं झालं तर काय होतं ते सांगतो. तुमच्या खोलीत साधारण ३२ घनमीटर हवा आहे, नुसत्या हवेचा हिशोब केला तर २.४ किलोवॅट तिला मिनिटाला जवळपास चार अंशांनी तापवतात. भिंती आणि रॅक थोडं शोषून घेतात म्हणून प्रत्यक्षात जरा सावकाश चढतं, पण यूपीएसवर तासभर बॅकअप आहे म्हणून निश्चिंत राहता येत नाही, तो तास एसीशिवाय काढायचा असतो. त्यामुळे एसी जनरेटरवर पाहिजेच.

इनडोअर युनिट रॅकच्या वर कधीही नाही. पावसाळ्यात ड्रेनच्या पाइपात जेलीसारखा बुळबुळीत थर धरतो, पाइप चोक होतो आणि पाणी उलटं फिरून पुढच्या जाळीतून टपकतं, खाली रॅक असेल तर संपलंच. पाइपला सरळ उतार द्या, मध्ये कुठे पोट येऊ देऊ नका. आणि सेटिंग १६-१८ वर ठेवू नका. सर्व्हरच्या तोंडाशी १८ ते २७ अंश ही अश्रे या एसी इंजिनिअरांच्या अमेरिकन संस्थेची शिफारस आहे, २३-२४ ला ठेवलं तरी छान चालतं, फक्त सेन्सर रॅकच्या पुढच्या बाजूला लावा.

दक्ष_फायर_ठाणे

फायरचं मी बोलतो. एबीसी सिलिंडर त्या खोलीच्या आत नकोच. पावडर म्हणजे मोनोअमोनियम फॉस्फेट, सर्व्हरच्या पंख्यांनी ती आत ओढली जाते, ओलावा धरते आणि बोर्ड गंजतात. आग लागली होती एका सॉकेटला आणि वाया गेला सगळा रॅक, अशी कामं मी बघितली आहेत. बाहेर पॅसेजमध्ये ठेवा, फर्निचर-कागदाला लागेल तर उपयोगी. आतल्यासाठी क्लीन एजंटचा, म्हणजे मागे अवशेष न सोडणाऱ्या गॅसचा, छोटा हँड सिलिंडर किंवा कार्बन डायऑक्साइड.

पण ताई, गॅसच्या आधी दोन गोष्टींवर पैसे घाला, कारण छोट्या खोलीत खरी राखण याच करतात. पहिली, धूर लवकर कळणं. स्प्लिटचा झोत धूर पसरवून पातळ करतो, छताच्या मधोमध लावलेला डिटेक्टर उशिरा बोंबलतो. एक डिटेक्टर हवा परत एसीकडे जाते त्या वाटेवर आणि एक रॅकच्या आत वरच्या बाजूला. एकाने धूर पकडला की सायरन आणि मोबाईलवर मेसेज, दोन्हीने पकडला तरच पुढची ॲक्शन. दुसरी, करंट तोडणं. लोक एमसीबी पाडतात आणि समजतात वीज गेली, अहो यूपीएस खाली पुरवठा करतच असतो, जळणाऱ्या वायरला तोच पोसतो. दाराशी झाकणवालं इमर्जन्सी बटण पाहिजे जे यूपीएसचं आउटपुटसुद्धा तोडेल. विजेच्या पुष्कळ आगी करंट गेला की तिथल्या तिथे मंदावतात.

आता एफएम-२००. तुमच्या खोलीला साधारण १८ ते २० किलो गॅस लागेल, सुटतो १० सेकंदांत, पण त्यानंतर दहाएक मिनिटं खोलीत टिकला पाहिजे. दाराखालची फट, केबलची भोकं, एसीच्या पाइपभोवतीची जागा, सगळं बुजवलं नसेल तर गॅस निघून जातो आणि आग परत पेटते. व्हेंडरने डोअर फॅन टेस्ट, म्हणजे दारात पंखा लावून खोली किती गळते ते मोजणं, कोटेशनमध्ये धरली आहे का? नसेल तर विचारा. गॅस सुटताना एसी आपोआप बंद व्हायला हवा, हेही बघा.

शिवाय एफएम-२०० हा एचएफसी आहे, म्हणजे पृथ्वीचं तापमान वाढवणाऱ्या वायूंपैकी, आणि ते कमी करायच्या आंतरराष्ट्रीय किगाली करारानुसार भारतात २०२८ पासून एचएफसीच्या वापरावर मर्यादा येतेय, पुढे रिफिल महाग पडणार असं माझं मत. नोव्हेक १२३० च्या जातीचा एजंट त्याला पर्याय आहे. तो बनवणाऱ्या थ्रीएम कंपनीने स्वतः २०२५ अखेर ते उत्पादन थांबवायचं ठरवलं, पण तोच रसायन एफके-५-१-१२ नावाने दुसरे बनवतात. मला विचाराल तर एका बंद रॅकसाठी ट्यूबवाली रॅक सिस्टीम घ्या. रॅकमध्ये प्लास्टिकची दाबाखालची नळी फिरवलेली असते, जिथे गरम होईल तिथे ती फुटते आणि गॅस तिथेच पडतो, एजंटही थोडा लागतो. रॅकची दारं मात्र जाळीची नकोत. सिलिंडरला पेसोची (स्फोटकं आणि गॅस सिलिंडरवर देखरेख ठेवणारं केंद्र सरकारचं खातं) मंजुरी आहे का बघा, त्यांचं मुख्य ऑफिस आपल्या नागपूरलाच आहे. आणि लायसन्स असलेल्या एजन्सीकडूनच काम करून घ्या, सिस्टीम बसवल्याचा दाखला म्हणजे फॉर्म ए ते देतील, नंतर दरवर्षी जानेवारी-जुलैत ती चालू स्थितीत असल्याचा फॉर्म बी लागतो.

वाशिष्ठी_आयटी

दोघांचेही मनापासून आभार, एवढा हिशोब कुठल्याच व्हेंडरने दिला नव्हता. दादा, कार्बन डायऑक्साइडचा साडेचार किलोचा सिलिंडर आमच्याकडे आहे, तो आत ठेवला तर चालेल ना? आणि व्हेंडर आता लिथियम बॅटरीचा आग्रह धरतोय, जागा कमी लागते म्हणून.

दक्ष_फायर_ठाणे

सिलिंडर दाराबाहेर ठेवा, आत नको. साडेचार किलो म्हणजे जवळपास अडीच घनमीटर वायू, तुमच्या बंद खोलीत पूर्ण सोडला तर ७ टक्क्यांच्या वर जातो, आणि ४ टक्क्यांनाच तो तात्काळ जीवघेणा मानतात. दारात उभं राहून मारायचा, बाहेर पडायचं, दार ओढून घ्यायचं. शिपाई, वॉचमन दोघांनाही हे प्रत्यक्ष करून दाखवा, कारण रात्री तेच असतात.

रॅक_आणि_रिस्टोर_पुणे

लिथियमवर माझं ठाम मत आहे, सर्व्हरच्या खोलीत नको. ती एकदा आतून पेटली की कुठलाही क्लीन एजंट ती थांबवत नाही, सेल स्वतःच गरम होत राहतात. दक्षिण कोरियात डेजॉनला सप्टेंबर २०२५ मध्ये सरकारी डेटा सेंटर जळालं ते यूपीएसच्या लिथियम बॅटऱ्यांमुळेच, त्यात कर्मचाऱ्यांच्या फाइल्सचं ८५८ टेराबाइटचं स्टोरेज गेलं आणि त्याचा बाहेर कुठे बॅकअपच नव्हता. तुमच्या नॅसवर बॅकअप असेल तर तोही त्याच रॅकमध्ये आहे हे चेअरमन साहेबांना स्पष्ट सांगा. रोज रात्री दुसऱ्या शाखेत कॉपी गेली पाहिजे आणि ती शाखा नदीच्या त्याच काठावर नसावी.

गॅसबद्दल अजून एक. पूर्ण खोलीची सिस्टीम घेतलीत तर नोझलच्या आवाजाचं विचारा. २०१६ ला बुखारेस्टमध्ये एका बँकेत नुसत्या ड्रिलमध्ये गॅस सोडला आणि आवाजाच्या कंपनाने हार्ड डिस्क खराब झाल्या. तो इनर्ट गॅस होता, पण नॅसमध्ये फिरत्या डिस्क असतील तर कमी आवाजाचे नोझल मागा आणि ते रॅकवर रोखलेले नकोत.

वाशिष्ठी_आयटी

बॅकअप त्याच रॅकमध्ये आहे, हो. सोमवारच्या मीटिंगमध्ये पहिला विषय हाच घेते. शेवटचं विचारते, आत्ताच्या एसएमएफ (पाणी घालावं न लागणाऱ्या बंद लेड-ॲसिड) बॅटऱ्या शेजारच्या पॅसेजमध्ये नेल्या तर चालतील का?

थंडगार_रत्नागिरी

पॅसेज उन्हाळ्यात किती तापतो बघा ताई, एसएमएफला २५ अंश मानवतात, त्याच्यावर साधारण दर १० अंशांना आयुष्य निम्मं होतं.

दक्ष_फायर_ठाणे

आणि तो बाहेर पडायचा रस्ता असेल तर तिथे नाहीच, जिन्याखालीही नाही. मध्ये विटांची भिंत घालून छोटं हवेशीर कपाट करा, बॅटरीजवळच डीसी ब्रेकर बसवा, टर्मिनलला झाकणं घाला. केबलची लांबी वाढली की जाडीही वाढवावी लागते, ते यूपीएसवाल्याकडून लिहून घ्या.