कृष्णविवरावर चालणारं यान: कथेतलं इंजिन हिशेबात टिकतं का?

व्याध:
ताऱ्यांपर्यंत जाणाऱ्या कथेतल्या यानाला सूक्ष्म कृष्णविवरासारखं इंजिन नाही, हे माझं ठाम मत. लुई क्रेन आणि शॉन वेस्टमोरलँड या संशोधकांनी 2009 मध्ये मांडलेले आकडे असे: वस्तुमान 6,06,000 टन, त्रिज्या 0.9 अ‍ॅटोमीटर, म्हणजे प्रोटॉनच्या साधारण हजारावा हिस्सा. हॉकिंग उत्सर्जनातून, म्हणजे विवरातून आपोआप बाहेर पडणाऱ्या किरणांतून आणि कणांतून, 160 पेटावॅट (एक पेटावॅट म्हणजे दहा लाख अब्ज वॅट), आयुष्य साडेतीन वर्षं. हायड्रोजनच्या संमीलनात 0.7 टक्के वस्तुमानाची ऊर्जा होते, इथे सगळ्याची.

कथालेखक मात्र भलतीच भीती घालतात. हे विवर यान गिळत नाही. एक मीटरवर त्याची ओढ 0.04 मीटर प्रति सेकंद वर्ग, पृथ्वीच्या गुरुत्वाचा जेमतेम अडीचशेवा हिस्सा. विवरात टाकलं जाणारं खाद्य तुटलं की मिनिटांत स्फोट, हेही चूक. सेकंदाला पावणेदोन किलोच्या आसपास घट धरली तर महिन्यात साधारण 4,600 टन जातात आणि शक्ती दीडेक टक्क्यानं वाढते. दुरुस्तीला भरपूर सवड आहे.

चित्रा:
आकडे मान्य, निष्कर्ष नाही. ही उष्णता घालवणार कुठे? तापमान 200 लाख कोटी केल्विन. एवढ्या तीव्र गॅमा किरणांना परतवणारा आरसा नसतो, ते धातूत शोषून पुन्हा उत्सर्जित करावे लागतात. 3,000 केल्विनला तापलेला पृष्ठभाग चौरस मीटरमागे फार तर 46 लाख वॅट बाहेर टाकतो. म्हणजे 35,000 चौरस किलोमीटर पृष्ठभाग, 53 किलोमीटर त्रिज्येचा गोल. टंगस्टनचा पत्रा फक्त एक सेंटिमीटर जाड धरला तरी 670 कोटी टन, विवराच्या अकरा हजार पट! आणि एक सेंटिमीटरमध्ये हे किरण थांबतही नाहीत.

व्याध:
पण सगळं अडवायला सांगितलंय कुणी? यान लांब, मध्ये फक्त सावली पडेल एवढी ढाल. बाकीचं अवकाशात जाऊ द्या. उत्सर्जनातले भारित कण, म्हणजे इलेक्ट्रॉन, प्रोटॉन आणि पायॉन हे अल्पायुषी कण, चुंबकीय क्षेत्रानं मागे वळवायचे. भारित पायॉन स्थिर असताना सरासरी 26 नॅनोसेकंद जगतो, पण या वेगाला कालविस्तारामुळे (वेगानं जाणाऱ्याचा काळ सावकाश चालतो) तो वळवण्यापुरतं अंतर नक्की कापतो. गॅमा आणि कशातच सहसा न अडणारे न्यूट्रिनो कण वाया जातील, जाऊ देत.

चित्रा:
मग रेटाही त्याच प्रमाणात गेला. मुळात एकही वॅट वाया न जाता सगळं मागे फेकलं तरी रेटा म्हणजे शक्ती भागिले प्रकाशवेग: सुमारे 53 कोटी न्यूटन. त्यातून एकट्या विवराला 0.88 मीटर प्रति सेकंद वर्ग त्वरण मिळतं. प्रकाशवेगाचा दहावा हिस्सा गाठायला वर्ष उलटतं, तेही यान वजनात न धरता. ‘वीस दिवसांत’ हे जे सांगतात, ते गतिज ऊर्जेला शक्तीनं भागून आलेलं उत्तर आहे. संवेगाचा हिशेब त्यात नाही.

अगस्ती:
दोघांनीही जोडणीचा प्रश्न सोडलात, आणि माझ्या मते सगळं तिथेच अडतं. रेटा बसतो ढालीवर किंवा चुंबकावर. यान पुढे सरकेल, विवर जागेवरच राहील. एवढ्या क्षीण गुरुत्वानं ते मागोमाग येणार नाही. विद्युतभार देऊन ओढावं तर इतकं लहान विवर भार टिकवत नाही, कण-प्रतिकण जोड्या निर्माण होऊन तो झटकला जातो. मागून कणांचा झोत मारून ढकलावं तर सेकंदाला पावणेदोन किलो जवळजवळ प्रकाशवेगानं सोडावे लागतील, आणि त्यातच इंजिनाची कमाई संपते. शिवाय तो झोत प्रोटॉनहून हजारपट लहान तोंडात, समोरून येणाऱ्या उत्सर्जनाविरुद्ध घुसवायचा!

विवर बनवण्याचंही तेच. प्रकाश एका बिंदूवर एकवटून विवर होईल ही कल्पना 2024 मध्ये ‘फिजिकल रिव्ह्यू लेटर्स’ या नियतकालिकातल्या गणितानं जवळपास निकालात काढली. प्रकाश पुरेसा दाटण्याआधीच त्यातून इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉन सुटतात आणि ऊर्जा घेऊन निसटतात.

म्हणून विवर सोबत नेऊच नका. ताऱ्याच्या वस्तुमानाचं, फिरणारं विवर गाठा. भौतिकशास्त्रज्ञ रॉजर पेनरोजनं 1969 मध्ये दाखवलेल्या वाटेनं फिरण्याच्या ऊर्जेतून वस्तुमानाच्या 29 टक्क्यांपर्यंत काढता येतं, आणि कमाल वेगानं फिरणाऱ्या विवराभोवतीच्या चकतीत पडणाऱ्या पदार्थातून 42 टक्क्यांपर्यंत.

व्याध:
ते वीजकेंद्र झालं, प्रवास नव्हे. आणि तिथवर पोचायचं कशाच्या बळावर? ज्ञात विवरांपैकी सर्वात जवळचं, गाया बीएच-1, सुमारे 1,560 प्रकाशवर्षांवर आहे.